मथळ्याचा आकारही तपासा: कोल्हापुरातील दैनिकांच्या संपादकांना खुले पत्र

मा. संपादक, वृत्तसंपादक आणि पानं लावणारे सर्व सहकारी,
कोल्हापुरातून निघणारी दैनिके व सायंदैनिके यांस,

स. न. वि. वि.

मी ३४ वर्षं मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर होतो. पहिली ६ वर्षं एका सायंदैनिकात, उरलेली २८ एका मोठ्या दैनिकात. दोन्ही पेपरांची नावं या पत्रात येणार नाहीत. मला जे म्हणायचं आहे ते एका पेपरपुरतं नाही, आणि ज्या चुकीबद्दल लिहितो आहे तिच्यात माझाही वाटा आहे.

गेल्या महिन्यात करवीर नगर वाचन मंदिरात वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी हातातला पेपर बाजूला सारला आणि म्हणाले, "सगळे पेपर आता टॅब्लॉइड झालेत." समोर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा होता. त्यानं मान वर करून विचारलं, "म्हणजे काका, आकारानं लहान?" गृहस्थ गप्प झाले, कारण त्यांना सनसनाटी म्हणायचं होतं, आणि त्यांच्या हातातला पेपर तर चांगला लांबरुंद होता. त्या मुलाला उत्तर मी द्यायला हवं होतं, आयुष्य त्यात गेलं होतं माझं. पण नीट सांगता आलं नाही. घरी आल्यावर जे सुचलं ते तुम्हाला लिहितो आहे, कारण उत्तर तुमच्याच हातात आहे.

आकाराचं आधी सांगून टाकतो. कागदाचं रीळ तेच असतं, छपाईचं यंत्रही तेच. मोठ्या पेपरचं एक पान आडवं धरलं की त्यात छोटी दोन पानं बसतात. घडी एक जास्त पडली की टॅब्लॉइड तयार. मोठ्या पानाचं मूळ इंग्लंडातल्या करात सांगतात: १७१२ साली तिथं वर्तमानपत्रांवर मुद्रांक कर बसला, तो कागदाच्या संख्येवर होता, म्हणून छापणाऱ्यांनी कागद मोठा केला. १८५५ साली कर गेला, पण मोठा कागद राहिला आणि प्रतिष्ठेची खूण बनला. 'टॅब्लॉइड' हा शब्द तर औषधाच्या दुकानातून आला. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीनं १८८४ साली दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ते नाव नोंदवलं. औषध जसं छोट्या गोळीत दाबलं तशी बातमी दाबून द्यायची, या अर्थानं पुढं तो वर्तमानपत्रांना चिकटला. ब्रिटिश वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थनं १ जानेवारी १९०१ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'चा एक अंक असा छोटा काढून दाखवला, आणि १९०३ साली लंडनमध्ये 'डेली मिरर' सुरू केला.

पण आकारावरून स्वभाव ओळखायचे दिवस केव्हाच संपले. लंडनचा 'टाइम्स' २००४ पासून छोट्या आकारात निघतो. 'गार्डियन' २००५ साली मधल्या आकारात आला आणि जानेवारी २०१८ मध्ये पुरता टॅब्लॉइड झाला. दोघांच्या बातमीदारीची जात त्यामुळं बदलली नाही. उलट जर्मनीतलं 'बिल्ड' हे सनसनाटीसाठी ओळखलं जाणारं दैनिक वर्षानुवर्षं भल्यामोठ्या कागदावर छापलं गेलं. म्हणजे वाचनालयातले गृहस्थ बरोबर होते. मोठ्या कागदावरही टॅब्लॉइड छापता येतो.

मग फरक आहे कशात? मी दोन्हीकडे काम केलं म्हणून सांगतो. फरक पेपर विकला कसा जातो इथून सुरू होतो.

१९८४ साली मी सायंदैनिकात लागलो तेव्हा छपाईच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवायचे दिवस होते. पान दुपारी सुटायचं आणि चारच्या आत अंक एसटी स्टँडवर, बिंदू चौकात, मिरजकर तिकटीला पोचायचे. त्या अंकाला महिन्याचं गिऱ्हाईक जवळपास नव्हतंच. गाडी सुटायच्या आधी खिडकीतून पैसे पुढं झाले पाहिजेत, एवढाच हिशोब. पोरं मथळा ओरडत विकायची, म्हणून ओरडता येईल असा एक मथळा रोज लागायचा. पान लहान, त्यामुळं पहिल्या पानावर बातमीही एकच. बाकी सगळं आत. मोठ्या मथळ्याला लाकडी ठसे होते, आणि ठसा जेवढा मोठा तेवढे अंक जास्त जातात हे विक्रीवाला रोज संध्याकाळी आकड्यानिशी सांगायचा. त्या लोकांना मी वाईट म्हणणार नाही. वाक्य छोटं कसं करायचं ते मी तिथं शिकलो. गल्लीतला फुटलेला नळ, रिक्षाचं भाडं, दवाखान्यातली रांग यांना तिथं जागा मिळायची, मोठ्या पेपरांना तेव्हा त्याचं फारसं काही वाटत नसे. मुंबईचं 'ब्लिट्झ' हे १९४१ साली सुरू झालेलं साप्ताहिक टॅब्लॉइडच होतं. शेवटच्या पानावर ख्वाजा अहमद अब्बास वर्षानुवर्षं लिहीत, पी. साईनाथ यांनीही तिथं काम केलं. त्याच 'ब्लिट्झ'नं १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात आरोपीच्या बाजूनं अशी मोहीम उघडली की खटला न्यायालयात कमी आणि अंकात जास्त चालला. एकाच छपराखाली दोन्ही गोष्टी होत्या.

मोठ्या दैनिकाचं गिऱ्हाईक निराळं. पोरगा पहाटे दारात अंक टाकतो, पैसे महिन्याला. पहिल्या पानानं रोज नव्यानं गिऱ्हाईक गाठायचं नसतं, म्हणून त्याला शांत राहणं परवडतं. आणि त्या शांततेतून एक फार मोलाची वस्तू तयार झाली होती, तिचं नाव कॉलम. पानाला आठ कॉलम, म्हणजे उभे रकाने. कुठली बातमी एका कॉलमाची, कुठली दोन, कुठली चार, हे रात्री डेस्कवर ठरायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. घडीच्या वर की खाली, फोटो घालायचा की नाही, यावर वृत्तसंपादक चहा थंड होईपर्यंत वाद घालायचे. आठ कॉलमी मथळा वर्षातून फार थोड्या वेळा पडायचा. पडला की वाचणारा उभ्यानंच वाचायचा, कारण काहीतरी खरंच घडलंय हे त्याला शब्द वाचायच्या आधी कळायचं. गंगावेशीत दुधाची वाट बघणारा माणूस पहिल्या पानावरून नुसती नजर फिरवून सांगायचा, "आज काय विशेष न्हाई." हे सांगता येणं ही वाचकाला मिळालेली मोठी सोय होती. पान स्वतःच त्याला प्रमाण सांगत होतं.

लांबी हा मोठ्या पानाचा दुसरा गुण. १९८१ साली 'इंडियन एक्स्प्रेस'नं सिमेंटचं वाटप आणि मुख्यमंत्री अंतुले यांच्या ट्रस्टला मिळणाऱ्या देणग्या यांचा संबंध लावून दाखवला, आणि १९८२ च्या जानेवारीत अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. तो मजकूर कागदपत्रांनी भरलेला होता. असल्या मजकुराला जागा लागते.

आता काय झालं आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. बातमी मोबाइलवर सुटी सुटी जाते. तिथं कॉलम नाहीत, घडी नाही, वरखाली नाही. गटार तुंबल्याची बातमी आणि मंत्रिमंडळ कोसळल्याची बातमी एकाच मापाच्या अक्षरात अंगठ्याखालून सरकतात. आकारानं प्रमाण सांगायची सोय गेली की ते काम शब्दांवर पडतं, आणि मग प्रत्येक बातमीला 'धक्कादायक', 'खळबळ', 'थरार' लागतो. पूर्वी फक्त एसटी स्टँडवर विकणाऱ्याला ओरडावं लागायचं. आता प्रत्येक बातमी एसटी स्टँडवर उभी आहे. याचं मला दुःख आहे, पण दोष एकट्या तुमचा नाही. माझी तक्रार पुढच्या पायरीची आहे: मोबाइलवरची ही ओरड रात्री परत छापील पानावर येऊन बसते. जिथं कॉलम अजून शाबूत आहेत, जिथं माप देता येतं, तिथंही आपण माप सोडून दिलं.

याची किंमत कोण भरतं, ते माझ्या घरातलंच सांगतो.

१९९७ साली माझा मावसभाऊ एका पतसंस्थेत लिपिक होता. तिथं अपहार झाला आणि चौघांना अटक झाली, त्यात तोही. बातमी रात्री माझ्याच टेबलावर आली. सहा कॉलमी मथळा, 'ठेवीदारांचे लाखो गिळले. लिपिक गजाआड', आणि खाली दोन पोलिसांच्या मध्ये मान खाली घातलेला त्याचा फोटो. नाव वाचून माझा हात थांबला. पण माझं काम अक्षरांचं होतं. मूळ प्रतीत 'ठेविदारांचे' असं पडलं होतं, ते मी दीर्घ केलं आणि प्रूफ पुढं दिलं. अटक झाली होती हे खरं. गुन्हा नोंदला होता हेही खरं. 'गिळले' या शब्दामागं त्या रात्री पोलिसांच्या तोंडच्या माहितीपलीकडं काही नव्हतं. सहा कॉलम कशासाठी, हे विचारायची पद्धत नव्हती, आणि मीही विचारलं नाही.

२००४ साली त्याची निर्दोष मुक्तता झाली. सह्या त्याच्या नव्हत्या हे हस्ताक्षरतज्ज्ञाच्या साक्षीत निघालं. बातमी आली ती सहाव्या पानावर, एका निविदा सूचनेच्या खाली, एक कॉलम, नऊ ओळी. फोटो नाही. योगायोग असा की तेही प्रूफ मीच वाचलं. दोन्ही बातम्यांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मधली सात वर्षं त्यानं तालमीच्या कट्ट्यावर बसणं सोडलं होतं. मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. निकालानंतरही माणसं त्याला म्हणायची, "सुटलास म्हणे." त्या 'म्हणे'चा त्याला फार त्रास व्हायचा. त्यांचा तरी काय दोष? सहा कॉलम सगळ्या पेठेनं वाचले होते, नऊ ओळी कुणीच वाचल्या नव्हत्या. माझ्या मावशीनं दोन्ही कात्रणं एका वहीत समोरासमोर चिकटवून ठेवली. एका पानावर मावेना म्हणून पहिलं कात्रण घडी घालून आहे. दुसरं अंगठ्याएवढं. मी ३४ वर्षं जे तपासलं त्यात नेमकं काय तपासायचं राहिलं, ते मला त्या वहीत दिसलं. मथळ्याचा आकार हेसुद्धा एक विधान असतं. सहा कॉलम म्हणजे 'हे मोठं आहे आणि आमची खात्री आहे' असं पेपर सांगत असतो. शब्द एक वेळ मोजून मापून लिहिलेले असतील, पण आकार खोटं बोलू शकतो, आणि त्यावर खूण करायला प्रूफाच्या समासात चिन्हच नाही.

कोल्हापूरला हा धडा नवा नाही. १८८१ साली 'केसरी' आणि 'मराठा' निघाले, आणि वर्षभरातच त्यांच्यावर जो पहिला मोठा खटला झाला तो आपल्या संस्थानावरूनच. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतो आहे आणि त्यामागं दिवाण बर्वे आहेत, असं छापलं गेलं. आधाराला पत्रं होती. ती पत्रं बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैमध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस दोघं डोंगरीच्या तुरुंगात राहिले. हेतूबद्दल कुणी शंका घेणार नाही. महाराजांचे हाल होते हेही खरं, पुढच्याच वर्षी अहमदनगरला त्यांचा करुण अंत झाला. पण टिळक-आगरकरांसारख्यांच्या हातीसुद्धा न तपासलेला कागद आला की काय होतं, ते याच गावाच्या निमित्तानं महाराष्ट्रानं पाहिलं. आणि याच गावच्या शाहू महाराजांनी १९२० साली 'मूकनायक'साठी डॉ. आंबेडकरांना २५०० रुपये दिले होते. छापील शब्दाचं बळ या गावाला कळत होतं, म्हणून त्याच्या मापाची अपेक्षा याच गावातून व्हावी, यात गैर काही नाही.

परदेशातलं एकच उदाहरण देतो, कारण ते मावशीच्या वहीसारखंच आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी इंग्लंडातल्या शेफील्डच्या हिल्सबरो फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूल संघाच्या एकूण ९७ समर्थकांचा जीव गेला. चार दिवसांनी 'सन' या टॅब्लॉइडनं पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत 'सत्य' असा मथळा दिला आणि खाली समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर हात टाकला, असं छापलं. सगळं सांगोवांगी आणि खोटं. लिव्हरपूलमध्ये आजही कितीतरी दुकानदार तो पेपर ठेवत नाहीत. २०१२ साली सरकारनं नेमलेल्या समितीचा अहवाल आला, तेव्हा कुठं 'सन'नं पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत चूक मान्य केली. २३ वर्षं गेली, पण जागा तीच द्यावी लागली. छोट्या चौकटीतली माफी त्या शहरानं मानलीच नसती.

आपल्याकडं माप अजून जिवंत आहे, आणि ते कुठं, तर पावसाळ्यात. जुलै लागला की तुमच्या पानावर एक इवलीशी चौकट येते: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सुतारवाड्यातली, दुधाळीतली, व्यापारी पेठेतली माणसं मुख्य मथळ्याच्या आधी ती चौकट बघतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, पाणी रात्रीत किती इंच चढलं, यावरून माळ्यावर काय टाकायचं आणि जनावरं कधी हलवायची ते ठरतं. त्या आकड्याला कुणी 'थरारक' म्हणत नाही, म्हणून त्यावर विश्वास बसतो. पण पाणी ३५ फुटांवर असताना वर आठ कॉलमांत 'महापुराचा विळखा' छापला, तर ५० फुटांना तुमच्याकडं कुठला शब्द उरतो? २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी लोकांनी वेळेत घर सोडावं म्हणून मोठी अक्षरं खरोखर लागली होती. ती अशा दिवसासाठी राखून ठेवायची असतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे. पेपर हवा तर छोटा करा. कागद महाग आहे, वाचक गाडीत वाचतो, मला त्याचं काही वाईट वाटणार नाही. पण रात्री पान सोडायच्या आधी डेस्कवरच्या एका माणसाला एवढंच विचारायचा अधिकार द्या: "हा मथळा एवढा मोठा का?" उत्तर 'तसं घडलंय' असेल तर ठेवा, 'शेजारचा पेपर मोठा देणार आहे' असेल तर दोन कॉलम कमी करा. ज्याचं नाव आणि फोटो अटकेच्या दिवशी पहिल्या पानावर छापला, त्याची नोंद एका वहीत ठेवा. गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, किती कॉलम. निकाल लागला की ती वही उघडा, आणि माणूस निर्दोष ठरला असेल तर त्याच पानावर, तेवढ्याच कॉलमांत, त्याची मान वर असलेल्या फोटोसह बातमी द्या. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत चुकीची दुरुस्ती आपण होऊन, तातडीनं आणि ठळकपणे छापावी असं आहेच. १९७८ च्या कायद्यानं कौन्सिलला ताकीद आणि निषेधापलीकडं फारसं काही करता येत नाही, त्यामुळं ते पाळणं तुमच्यावरच सोपवलेलं आहे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' हा शब्द भिंग न लावता वाचता येईल एवढा असावा, हेही त्याच मापात येतं.

वही ठेवायला माणूस नाही, असं कुणी म्हणेल. वाचन मंदिरात माझ्यासारखे चार-पाच निवृत्त लोक रोज सकाळी बसतात. न्यायालयाचे निकाल बघून यायला आणि नोंदी भरायला आम्ही तयार आहोत, एक पैसा न घेता.

आणि सुरुवात कुठून करायची हा प्रश्न असेल, तर मावसभावाच्या निकालाची प्रमाणित प्रत माझ्याकडे आहे. तो आता ७१ वर्षांचा आहे. परवा त्याला विचारलं, इतक्या वर्षांनी पुन्हा नाव छापून आलेलं चालेल का? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सहा कॉलमांत असलं तर चालंल." फोटोही त्यानं काढून ठेवला आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक
शिवाजी पेठ, कोल्हापूर